दोर धरण्याची आणि सोडण्याची विद्या

इंग्लंडमधील चर्चच्या मनोऱ्यांत घंटा वाजवण्याची जी रीत सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात आकाराला आली आणि जिला तेथे चेंज रिंगिंग, म्हणजे घंटांचा क्रम सतत बदलत नेणारे वादन, असे म्हणतात, ती संगीत, गणित, कवायत आणि कारागिरी या चौघांच्या शिवेवर वसलेली एक विलक्षण विद्या आहे. या रीतीत एका घंटेला एक दोर आणि एका दोराला एक माणूस असतो. कोणतीही धून वाजवली जात नाही, कोणी एक वादक इतरांच्या पुढे येत नाही आणि डोळ्यांसमोर कागदही ठेवला जात नाही. इंग्लंडमधील पाच हजारांहून अधिक चर्चमध्ये अशा वादनासाठी टांगलेल्या घंटा आहेत, आणि त्या वाजवणारी माणसे शिक्षक, शेतकरी, परिचारिका, कारकून, निवृत्त अभियंते, शाळकरी मुले अशी नाना प्रकारची असून त्यांतील बहुतेकांना या कामाचा मोबदला मिळत नाही. या विद्येचा प्रवेशपाठ अनेक ठिकाणी शनिवार-रविवारच्या सामूहिक वर्गात दिला जातो. त्या दोन दिवसांकडे बारकाईने पाहिले म्हणजे असे दिसते की दोर कसा धरावा हे शिकायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कितीतरी अधिक वेळ तो केव्हा सोडावा हे शिकण्यात जातो, आणि या एका गोष्टीत त्या विद्येचे बरेचसे मर्म साठवलेले आहे.

मराठी वाचकाच्या मनात घंटा म्हटली की देवळाच्या सभामंडपात टांगलेली, गाभाऱ्याकडे जाताना हात उंचावून एकदा वाजवायची घंटा उभी राहते. ती जागच्या जागी लटकलेली असते. हलतो तो तिच्या पोटातला लोळा, म्हणजे तिच्या कडेवर आपटून नाद काढणारा लोखंडी दांडा. चर्चची घंटाही महाराष्ट्राला परकी नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकली, त्यानंतर तेथील पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातील देवळांत पोचल्या. भीमाशंकरची घंटा आणि नाशिकची प्रसिद्ध नारोशंकराची घंटा या दोन्हींचा संबंध परंपरेने याच विजयाशी जोडला जातो. धातू तोच राहिला, त्यावरचा क्रूसही काही ठिकाणी तसाच राहिला, मात्र दरवळणाऱ्या उदबत्तीच्या सान्निध्यात त्या घंटांना नवे काम मिळाले आणि भक्ताच्या एकेका ठोक्याची त्यांना सवय झाली. यावरून एवढे ध्यानात येते की घंटेचा स्वभाव केवळ तिच्या धातूत नसतो. ती कशी टांगली आहे आणि तिला कोण कशासाठी स्पर्श करतो, यावरही तो तितकाच अवलंबून असतो.

इंग्लिश रीतीत लोळ्याऐवजी सबंध घंटाच फिरवली जाते. घंटा एका भक्कम आडव्या तुळईला जखडलेली असते, त्या तुळईच्या एका टोकाशी मोठे लाकडी चाक बसवलेले असते, आणि चाकाच्या कडेवरील खाचेतून निघालेला दोर छतांच्या भोकांतून ओवला जाऊन खालच्या दालनात वादकाच्या हाती उतरतो. वादनाला आरंभ करण्यापूर्वी घंटा झोके वाढवत वाढवत चढवली जाते आणि शेवटी तोंड आकाशाकडे करून उलटी उभी केली जाते. या अवस्थेत ती तोलाच्या बिंदूच्या किंचित पलीकडे झुकलेली असते आणि स्टे नावाचा एक लाकडी दांडा टेकू देऊन तिला त्यापुढे जाऊ देत नाही. दोराला हलकीशी ओढ दिली की ती तोलावरून सुटते, खाली येते, जवळजवळ पूर्ण फेरा घेऊन दुसऱ्या बाजूने पुन्हा तोंड वर करून तोलाशी येते, आणि पुढच्या ओढीला तसाच फेरा उलट दिशेने घेते. प्रत्येक फेऱ्यात तिचा एकच ठोका पडतो. संचातील लहान घंटा दोन-तीनशे किलोंची आणि मोठी टनभर वजनाची असणे ही साधी गोष्ट आहे, आणि लिव्हरपूलच्या अँग्लिकन कॅथीड्रलमधील सर्वांत जड घंटेचे वजन तर ४ टनांहून अधिक असून तीही माणसाच्या हातांनीच फिरवली जाते. हे शक्य होते, कारण घंटेला वेग देण्याचे काम तिचे स्वतःचे वजनच करते. घर्षणात हरवलेली थोडी शक्ती भरून देणे आणि ती तोलाजवळ किती क्षण रेंगाळेल हे ठरवणे, एवढेच वादकाच्या वाट्याला येते.

दोर धरण्याच्या जागा दोन असतात, आणि शिकाऊ माणसाची सारी परीक्षा या दोन जागांमध्ये होते. दोराच्या अगदी शेवटी दुमडून बांधलेले शेपूट असते, तर त्याच्या वर, छातीच्या उंचीच्या आसपास, रंगीत लोकरीचा जाड गुबगुबीत पट्टा दोरात विणलेला असतो, ज्याला सॅली असे नाव आहे. पहिल्या ओढीत, जिला हँडस्ट्रोक म्हणतात, दोन्ही हात सॅलीवर असतात. ती खाली ओढायची आणि लगेच सोडून द्यायची, म्हणजे घंटेच्या फिरण्याबरोबर ती झपकन छताकडे उडते आणि शेपूट धरलेले हात डोक्यावर उंच खेचले जातात. दुसऱ्या ओढीत, जिला बॅकस्ट्रोक म्हणतात, ते शेपूट वरून खाली आणायचे असते आणि परत येणारी सॅली तिच्या चढत्या वाटेवर अलगद झेलायची असते. सॅली दर वेळी सोडलीच पाहिजे आणि शेपूट कधीही सोडता कामा नये, अशी या विद्येची दोन मूळ बंधने आहेत. सॅली सोडायला क्षणभर उशीर झाला तर शेकडो किलोंची घंटा धरणाऱ्याला जमिनीवरून उचलू शकते, आणि शेपूट हातून निसटले तर मोकळा दोर दालनात सापासारखा सळसळू लागतो. त्या वेळी शिकाऊ माणसाने मागे सरून उभे राहावे आणि शिक्षकाने तो दोर काबूत आणावा, असा दंडक पहिल्याच तासाला सांगितला जातो.

वर्गाची शनिवारची सकाळ बांधलेल्या घंटांनी सुरू होते. शिकाऊ हातांचे वेडेवाकडे ठोके गावाला तासन्‌तास ऐकावे लागू नयेत, म्हणून वर जाऊन लोळा घट्ट बांधून ठेवला जातो, आणि त्यामुळे घंटा फिरते परंतु बोलत नाही; काही मनोऱ्यांत घंटेच्या फिरण्याची नोंद घेणारे संवेदक बसवून संगणकामार्फत तिचा आवाज केवळ दालनापुरता ऐकवण्याची सोयही केलेली असते. सहा-आठ शिकाऊ असले तर शक्यतो प्रत्येकाला एक शिक्षक दिला जातो, कारण हे शिक्षण घोळक्याने बसून ऐकण्याचे नाही, ते एका जोडीच्या चार हातांमध्ये घडते. शिक्षक समोर उभा राहतो आणि दोराच्या दोन ओढींपैकी एक स्वतःकडे ठेवून दुसरी शिकाऊ माणसाला देतो: आधी शिकाऊ माणूस केवळ शेपटाची ओढ करतो आणि सॅली शिक्षक सांभाळतो, मग हे काम उलटे केले जाते, आणि दोन्ही ओढी वेगवेगळ्या अंगवळणी पडल्यावर त्या एकमेकींना जोडल्या जातात. जोडणीच्या या टप्प्यावर शिक्षकाचे हात दोराला लागत नाहीत, पण दोराभोवती वीतभर अंतरावर सतत तयार असतात. काही चुकले तर ते त्याच क्षणी पुढे येतात. चालायला लागलेल्या मुलामागून वाकून चालणाऱ्या आईच्या हातांना जे अंतर कळते, नेमके तेच अंतर या हातांना कळावे लागते, आणि म्हणूनच घंटा उत्तम वाजवणे व ती उत्तम शिकवणे ही दोन वेगळी कौशल्ये मानली जातात. असोसिएशन ऑफ रिंगिंग टीचर्स या संस्थेने शिक्षकांना तयार करण्याचे आणि शिकाऊ लोकांसाठी लर्निंग द रोप्स नावाची पाच पायऱ्यांची शिक्षणयोजना चालवण्याचे जे काम हाती घेतले आहे, त्यामागे हीच जाणीव आहे.

पहिल्या दिवशीच्या चुकांना एक समान मूळ असते, आणि ते म्हणजे बळावरचा विश्वास. माणूस आयुष्यभर जड वस्तू उचलताना अधिक जोर लावायला शिकलेला असतो, म्हणून घंटा जड आहे हे कळताच तो दोराला हिसडा देतो. परंतु आधीच वेग घेतलेल्या घंटेला मिळालेली ही जादा ओढ तिला तोलाच्या पलीकडे नेते आणि ती टेकूवर आदळते. टेकूचे लाकूड मुद्दामच असे निवडलेले असते की आघात फार झाला तर चाक किंवा चौकट मोडण्याऐवजी तेच मोडावे, आणि अनेक मनोऱ्यांत अशा मोडलेल्या टेकूच्या जागी बसवायचा दुसरा टेकू तयार ठेवलेला असतो. दुसरी चूक याच्या उलट बाजूची: घाबरलेला हात ओढ अर्धवट टाकतो, घंटा तोलापर्यंत चढत नाही, लवकर परत फिरते, आणि शिकाऊ माणसाला तिच्यामागे धावावे लागते. तिसरी चूक वर पाहण्याची. दोर कुठून येतो हे पाहण्याच्या मोहाने मान वर गेली की पाठीचा आणि हातांचा सरळपणा बिघडतो. हे सारे सुधारण्यासाठी शिक्षक फार थोडे शब्द वापरतो, कारण दोराची भाषा स्पर्शाची आहे. घंटा तोलाशी आली की दोरातला ताण क्षणभर विरतो, आणि त्या विरलेल्या ताणाची ओळख तळहाताला एकदा पटली म्हणजे जोर लावण्याची सवय हळूहळू आपोआप सुटू लागते. इंग्रजीत घंटेचा उल्लेख स्त्रीलिंगी सर्वनामाने करण्याचा प्रघात या मंडळींमध्ये आहे. मराठीत घंटा मुळातच स्त्रीलिंगी असल्यामुळे या प्रघाताचे नवल वाटत नाही, परंतु त्यामागचा भाव असा की दोराच्या वरच्या टोकाला स्वतःची लय असलेले कोणी आहे आणि त्याच्याशी जुळवून घ्यायचे आहे.

दुपारी वर्ग दोन-तीन अरुंद जिने चढून घंटांच्या खोलीत जातो, आणि ज्या गोष्टीचे केवळ टोक हाती होते ती गोष्ट तेथे प्रथमच डोळ्यांना दिसते. या दर्शनानंतर गणिताचा पाठ अधिक सहज समजतो, कारण चेंज रिंगिंगमधील गणित घंटेच्या वजनातून जन्माला आले आहे. सर्वांत लहान व उंच स्वराच्या घंटेला एक हा क्रमांक देऊन मोठीपर्यंत क्रमाने आकडे दिले जातात, आणि सर्व घंटा याच उतरत्या स्वरक्रमाने वाजल्या की त्याला राउंड्स म्हणतात. आता एखाद्या घंटेचा ठोका थोडा पुढे ढकलायचा असेल तर तिला तोलाजवळ किंचित अधिक रेंगाळू द्यावे लागते, आणि अलीकडे आणायचा असेल तर ती पूर्ण चढण्यापूर्वीच परतवावी लागते. परंतु जड घंटेच्या बाबतीत ही मोकळीक फार थोडी असते. म्हणून एका फेरीतून दुसऱ्या फेरीत जाताना कोणतीही घंटा आपल्या जागेवरून फार तर एकच स्थान पुढे किंवा मागे सरकू शकते, असा नियम झाला. चार घंटांवर १२३४ नंतर २१४३, मग २४१३, ४२३१, ४३२१, ३४१२, ३१४२, १३२४ आणि पुन्हा १२३४ अशी जी रचना होते, तिला प्लेन हंट म्हणतात. तीत प्रत्येक घंटा पायरी पायरीने शेवटच्या स्थानापर्यंत जाते आणि तशीच परत येते. अशा रचनांच्या पुढे मेथड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अधिक गुंतागुंतीच्या बांधण्या आहेत, आणि त्यांतून आपल्या घंटेचा मार्ग वादक कागदावर निळ्या रेषेने आखून पाठ करतो. वाजवताना ती रेषा केवळ मनात असते.

या गणिताला पहिले छापील रूप मिळाले ते १६६८ मध्ये, रिचर्ड डकवर्थने लिहिलेल्या आणि फेबियन स्टेडमनने प्रसिद्ध केलेल्या 'टिंटिनालोजिया' या पुस्तकात, आणि त्यानंतर १६७७ मध्ये स्वतः स्टेडमनने, जो व्यवसायाने मुद्रक होता, 'कँपनालोजिया' हा ग्रंथ लिहिला. चार घंटांचे २४, पाचांचे १२०, सहांचे ७२०, सातांचे ५०४० आणि आठांचे ४०३२० क्रम होतात. बारा घंटांचे क्रम ४७ कोटी ९० लाखांहून अधिक होतात आणि ते सर्व अखंड वाजवायचे तर तीस वर्षांहून अधिक काळ लागेल. सात घंटांचे ५०४० क्रम, एकही क्रम दोनदा न येऊ देता, वाजवायला सुमारे तीन तास लागतात, आणि हाच आकडा पील नावाच्या पूर्ण वादनाचे माप ठरला. नॉर्विच येथील सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट या चर्चमध्ये २ मे १७१५ रोजी झालेले वादन हे असे पहिले निर्दोष वादन मानले जाते. आठ घंटांचे सर्व ४०३२० क्रम १९६३ च्या जुलै महिन्यात लफबरो येथील घंटा ओतण्याच्या कारखान्याच्या मनोऱ्यात आठ वादकांनी, माणूस न बदलता, १७ तास ५८ मिनिटांत वाजवले. शेजारच्या दोन जागांची अदलाबदल करत करत सर्व क्रम गाठण्याची जी पद्धत गणितज्ञांनी १९६० च्या दशकात संगणकासाठी मांडली, ती सतराव्या शतकातील घंटावादकांना मनोऱ्यात ठाऊक होती, ही गोष्ट ज्ञानाच्या वाटा किती वेगवेगळ्या दारांतून जातात हे दाखवणारी आहे.

५०४० या आकड्यापाशी मराठी अभ्यासकाला थांबावेसे वाटणे स्वाभाविक आहे, कारण तो त्याच्या ओळखीचा आहे. देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण राजाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात रचलेल्या 'संगीतरत्नाकर' या संस्कृत ग्रंथात सात स्वरांच्या उलटापालटीने होणाऱ्या कूटतानांचा विचार केला आहे, आणि सातही स्वर एकेकदा घेतले तर ५०४० क्रम होतात हे तेथे सांगितले आहे. क्रमांची शिस्तीने केलेली मांडणी म्हणजे प्रस्तार, दिलेल्या अनुक्रमांकावरून तो क्रम शोधणे म्हणजे नष्ट, दिलेल्या क्रमावरून त्याचा अनुक्रमांक काढणे म्हणजे उद्दिष्ट, आणि या दोहोंसाठी वापरायचे संख्यांचे कोष्टक म्हणजे खंडमेरू, अशी सारी परिभाषा त्या परंपरेत सिद्ध झालेली होती. या दोन परंपरांत देवाणघेवाणीचा संबंध जोडण्याचे कारण नाही; तथापि त्यांच्यातला भेद उद्बोधक आहे. प्रस्तारातील स्वराला वजन नसते, त्यामुळे तो एका क्रमात पहिला आणि पुढच्याच क्रमात शेवटचा होऊ शकतो. मनोऱ्यातील स्वर मात्र शेकडो किलो धातूला बांधलेला असतो आणि त्याला शेवटच्या जागी जायचे असेल तर वाटेतल्या प्रत्येक शेजाऱ्याला एकेक करून वाट देत जावे लागते. म्हणजे एका परंपरेने संख्येची मोकळीक शोधली, तर दुसरीने संख्येला शेजारधर्म शिकवला असे म्हणता येईल.

हा शेजारधर्म प्रत्यक्ष अनुभवाला येतो तो रविवारी, जेव्हा सुटा शिकाऊ माणूस प्रथमच अनुभवी वादकांच्या वर्तुळात उभा राहतो. दोर वर्तुळात उतरलेले असतात आणि सर्वांची तोंडे आत वळलेली असतात, म्हणून प्रत्येकाला इतर सर्वांचे हात दिसतात. कोणता दोर आपल्या आधी खाली आला आणि म्हणून आपण कोणाच्या मागे जायचे, हे अनेक हलत्या दोरांतून एका नजरेत ओळखण्याच्या शक्तीला रोपसाइट, म्हणजे दोर वाचण्याची दृष्टी, असे म्हणतात. ही दृष्टी शिकवून येत नाही. पुष्कळ दिवस काहीच न दिसता एखाद्या संध्याकाळी अवचित ती येते. आरंभाला सर्वांत लहान घंटेचा, म्हणजे ट्रेबलचा, वादक 'लुक टू' अशी हाक देतो, तिचा अर्थ सावध राहा. मग 'ट्रेबल्स गोइंग', म्हणजे ट्रेबल निघते आहे, असे म्हणत तो घंटा तोलावर आणतो, आणि ती तोलावरून सुटताच 'शी इज गॉन', ती गेली, एवढे बोलतो. प्रत्येक वादनाची सुरुवात अशी सोडल्याच्या उच्चाराने होते. आठ घंटांची एक फेरी दोन सेकंदांच्या आसपास पूर्ण होत असल्यामुळे दोन ठोक्यांमध्ये सुमारे पाव सेकंदाचे अंतर असते. दर दोन फेऱ्यांनंतर एका ठोक्याएवढी जागा मोकळी ठेवली जाते आणि त्या पोकळीमुळे सबंध वादनाला श्वास मिळतो. शिवाय हात ओढतो तेव्हा ठोका पडत नाही, तो घंटा फिरून दुसऱ्या बाजूला चढू लागल्यावर पडतो, आणि घंटा जितकी मोठी तितका हा विलंब अधिक. म्हणून आपला ठोका ऐकून हात सुधारायचा तर ती सुधारणा झालेल्या ठोक्याला लागू होत नाही, पुढच्या ठोक्याला होते. चूक झाली तरी थांबून ती पुन्हा वाजवता येत नाही, कारण शेजाऱ्याची घंटा तोवर तोलावरून सुटलेली असते. चूक सोडून देणे हाही या सोडण्याच्या विद्येचा एक पाठ आहे, आणि अनेकांना तो सॅली सोडण्याहून जड जातो.

वादकांच्या दालनात घंटांचा आवाज मजल्यांमधून गाळून येतो. त्याचा पूर्ण नाद बाहेर, कबरस्तानात, बाजारात, शेतात पसरतो आणि तो ज्यांच्या कानी पडतो त्यांना वादकांची नावे ठाऊक नसतात. टाळ्या नसलेल्या या वादनाची किंमत गावाला बहुधा ते थांबल्यावर कळते. दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या जूनमध्ये, ब्रिटनमध्ये चर्चच्या घंटा वाजवण्यास बंदी घालण्यात आली आणि शत्रूच्या आक्रमणाची सूचना देण्यासाठीच त्या राखून ठेवल्या गेल्या. १९४२ च्या नोव्हेंबरमध्ये एल अलामेनच्या विजयानिमित्त त्या पुन्हा ऐकू आल्या आणि १९४३ मध्ये बंदी उठली. त्याआधीच्या महायुद्धात सुमारे १४०० घंटावादक कामी आले होते. त्या युद्धाच्या समाप्तीला शंभर वर्षे झाली तेव्हा, २०१८ मध्ये, तेवढेच नवे वादक तयार करण्याची मोहीम इंग्लंडमध्ये चालवली गेली, आणि ज्या दोरांजवळून एके काळी तरुण मुले उठून गेली होती त्या दोरांजवळ नवशिकी माणसे येऊन उभी राहिली. अशा स्मरणदिनी लोळ्याच्या एका बाजूला चामड्याची गादी बांधतात, त्यामुळे एक फेरी खणखणीत आणि तिच्यामागची फेरी दुरून आल्यासारखी मंद वाजते. हाक आणि तिचा प्रतिध्वनी असे हे वादन ऐकताना, गेलेल्या माणसांची जागा भरून काढणे म्हणजे त्यांना विसरणे नव्हे, ही गोष्ट शब्दांवाचून समजते.

दोन दिवसांच्या वर्गाची मर्यादाही स्पष्ट मांडली पाहिजे. एकट्याने घंटा सुरक्षितपणे हाताळण्याइतका हात तयार व्हायला साधारणपणे दहा ते पंधरा तासांचा सराव लागतो, असे शिक्षक सांगतात. तोही एका दमात होत नाही, कारण शरीर नवी लय झोपेतून उठल्यावर अधिक चांगली ओळखते. त्यानंतर आठवड्यातील एक सरावाची संध्याकाळ आणि रविवारच्या प्रार्थनेपूर्वीचे वादन असा वर्षानुवर्षे चालणारा क्रम सुरू होतो, आणि खऱ्या अर्थाने विद्या तेथेच येते. परंतु सामूहिक वर्गात असे काही मिळते जे एकट्या शिकणाऱ्याला मिळत नाही: साठीतल्या माणसाला बारा वर्षांच्या मुलीचे हात आपल्याआधी लयीत आलेले दिसतात, आणि या विद्येत वय, बळ व हुद्दा यांचा फारसा उपयोग नाही हे प्रत्येकाला शेजाऱ्याकडे पाहून उमगते. दीर्घकाळ हे दालन पुरुषांचेच होते. १८९६ मध्ये अ‍ॅलिस व्हाइट ही पूर्ण पील वाजवणारी पहिली स्त्री ठरली आणि १९१२ मध्ये स्त्री-वादकांचा स्वतंत्र संघ स्थापन झाला. घंटा फिरते ती तोलाने, ही गोष्ट घंटेला पहिल्यापासून ठाऊक होती. माणसांना ती मान्य करायला अडीचशे वर्षे लागली.

या विद्येची एक खूण पुण्यातही आहे. गुरुवार पेठेत, पंचहौद मिशनच्या पवित्र नाम देवालयाशेजारी जो उंच मनोरा उभा आहे, त्यात इंग्लंडमध्ये ओतलेल्या आणि पूर्ण चाकावर फिरवण्यासाठी टांगलेल्या आठ घंटांचा संच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवण्यात आला. मराठी इतिहासाला हे मिशन वेगळ्याच कारणाने परिचित आहे: १८९० मध्ये तेथे झालेल्या चहापानावरून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आणि इतर अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा खटला, ओढवले होते. चहाच्या पेल्याने उठलेले वादळ ग्रंथांत नोंदले गेले, त्या मानाने मनोऱ्यातल्या घंटांकडे अभ्यासकांचे लक्ष थोडे गेले; आणि तरीही पेठेतल्या पिढ्यांना तो मनोरा रोजच्या वाटेवरची खूण म्हणून ठाऊक आहे. असा संच जहाजातून आणता येतो, मनोऱ्यात चढवता येतो, परंतु त्याच्या आठ दोरांना आठ जाणते हात हवेत, आणि हात जहाजातून आणून कायमचे बसवता येत नाहीत. ते प्रत्येक पिढीत नव्याने घडवावे लागतात. त्याच शहरात गणेशोत्सवापूर्वी महिना-दोन महिने ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, नोकरी-शिक्षण सांभाळून आलेली मुलेमुली जुन्या वादकांशेजारी उभी राहून हात बसवतात, आणि शेकडो ढोलांवरचा ठोका एक व्हावा म्हणून प्रत्येक जण आपला ठोका थोडा आवरतो. ढोलाची रीत वेगळी, त्याचा उत्सव वेगळा. परंतु समूहात वाजवणाऱ्याला स्वतःच्या हौसेला जी वेसण घालावी लागते, ती नदीकाठच्या त्या सरावात आणि इंग्लिश मनोऱ्याच्या दालनात सारखीच आहे.

रविवारी दुपार उतरू लागली की वर्गातील कोणी तरी वर जाऊन एका घंटेच्या लोळ्याची बांधणी सोडतो. ज्याचा हात सर्वांत आधी बसला आहे अशा शिकाऊ माणसाला ट्रेबलचा दोर दिला जातो आणि इतर दोरांवर अनुभवी मंडळी उभी राहतात. त्याचा शिक्षक प्रथम जवळ उभा असतो, हात पूर्वीसारखेच दोराभोवती तयार ठेवून. मग 'लुक टू' ही हाक दिली जाते, हात सॅलीवर स्थिर होतात, आणि नेमक्या त्या वेळी शिक्षक दोन पावले मागे सरकतो आणि आपले हात पाठीशी बांधून घेतो. दोन दिवस शिकाऊ माणसाला सॅली सोडायला शिकवल्यानंतर आता त्यालाही त्याच क्षणी काही तरी सोडायचे असते, आणि त्याची ओढ सॅलीहून कमी नसते. फेबियन स्टेडमनच्या काळापासून ही विद्या अशाच मागे सरकलेल्या पावलांवरून पुढच्या पिढीकडे आलेली आहे. घंटा तोलावर येते, दोरातला ताण विरतो, आणि शिकाऊ माणूस प्रथमच स्वतःच्या तोंडाने म्हणतो की ती गेली. पहिला ठोका मनोऱ्याबाहेर पडतो, आणि चर्चच्या भिंतीलगतच्या वाटेने जाणारा एखादा पादचारी, तो कोणाच्या हाताचा आहे हे न कळता, क्षणभर पाऊल थांबवून ऐकतो आणि पुढे चालू लागतो.